अग्निशमन गाडीवरची सोन्याची अक्षरे आणि खोडरबराचे चाक

न्यू जर्सीतील आमच्या गावाच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाने गेल्या वसंतात मिरवणुकीसाठी म्हणून १९७४ सालची मॅक सीएफ ही अग्निशमन गाडी दुसऱ्या एका गावाकडून विकत घेतली. आधीच्या गावाचे नाव पुसल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, ही विक्रीची अट होती. लहानपणी सांगलीला मामांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये मी सुट्टीभर रबिंग करीत असे, हे मी कधीतरी बोलून गेलो होतो, त्यामुळे ते काम माझ्याकडे आले. त्यासाठी मी जे रबरी चाक विकत घेतले, त्याचे हे परीक्षण आहे. मला ते ३० डॉलरला पडले.

हे चाक म्हणजे शाळेतल्या खोडरबराचाच मोठा भाऊ आहे. व्यास ४ इंच, जाडी बोटभर, मध्ये ड्रिलमध्ये बसणारी सळी. फिरताना रबर झिजत जाते आणि घर्षणाच्या उष्णतेने स्टिकर व त्याखालचा गोंद भुगा होऊन सुटतो, एवढेच त्याचे तत्त्व. त्याच्यावर मिनिटाला ४,००० फेऱ्यांची मर्यादा छापलेली आहे आणि ती मनावर घ्यावी. साधा बॅटरीचा ड्रिल दीड-दोन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतो, तो पुरेसा आहे. दहा हजार फेऱ्यांच्या अँगल ग्राइंडरला हे चाक लावण्याचा मोह कोणालाही होऊ नये.

चाक कसे आहे हे सांगण्यापूर्वी ते कशावर चालवायचे हे सांगावे लागते, कारण गाडीवरचे ‘सोनेरी अक्षर’ दोन अगदी वेगळ्या प्रकारचे असू शकते. एक प्रकार व्हिनाइलचा, म्हणजे पातळ चिकट प्लास्टिकचा. त्यातही महागड्या व्हिनाइलवर खऱ्या सोन्याचा पातळ थर असतो, पण शेवटी ते कापून चिकटवलेले स्टिकरच. दुसरा प्रकार हाताने लावलेल्या वर्खाचा. त्यात रंगाऱ्याने आधी ‘साइझ’ नावाचे चिकट तेल कुंचल्याने अक्षराच्या आकारात लावलेले असते. ते नेमके हवे तितके आटले, की त्यावर वर्ख बसवायचा, मखमलीच्या बोळ्याने त्यात गोल गोल चकाकी उठवायची, काळ्या इनॅमलने कड काढायची आणि वरून वॉर्निश मारायचे. ओळखायची खूण सोपी आहे. वर्खाची पाने सव्वातीन इंचांहून थोडी मोठी असतात, त्यामुळे मोठ्या अक्षरात ती एकमेकांवर चढल्याची बारीक रेघ तिरप्या उजेडात दिसते आणि मखमलीची वर्तुळे कधीही एकसारखी नसतात. व्हिनाइलची वर्तुळे मात्र छापल्यासारखी सारखी असतात आणि कडेला नख अडकते.

आमच्या गाडीवर दोन्ही प्रकार होते. मागच्या पत्र्यावर व्हिनाइल होते आणि दोन्ही दारांवर खरा वर्ख. त्यामुळे एकाच चाकाची दोन्हीकडे परीक्षा झाली.

मागच्या बाजूला चाकाने शंभरपैकी शंभर गुण मिळवले. आधी हीट गनने व्हिनाइल कोमट करून प्लास्टिकच्या पट्टीने उचलले, उरलेल्या पिवळट गोंदावर चाक फिरवले. नऊ अक्षरे, वीस मिनिटे. मागचा पत्रा नंतरच्या काळात क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) मारून रंगवलेला होता आणि असा पक्का वाळलेला दुहेरी रंग चाकाची उष्णता सहन करतो. फक्त चाक एका जागी थांबू द्यायचे नाही आणि दाब ड्रिलच्या वजनापेक्षा जास्त द्यायचा नाही. तपकिरी भुगा इतका उडतो, की गॅरेजचा कानाकोपरा झाडावा लागतो. शेवटी मिनरल स्पिरिटच्या फडक्याने पुसले, की झाले.

दारांवर मात्र कथा निराळी. सोने स्वतः काहीच विरोध करीत नाही. वर्खाची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी असते, चाकाच्या पहिल्या स्पर्शाला तो नाहीसा होतो. (दलातील मंडळींनी तो भुगा जपून ठेवण्याचा आग्रह धरला होता. चौरस फूटभर वर्खात ०.२ ग्रॅमपेक्षाही कमी सोने असते, हे हिशेब करून दाखवल्यावर उत्साह मावळला.) विरोध करतात ते सोन्याच्या खालचे साइझ, वरचे वॉर्निश आणि काळी कड. पन्नास वर्षांत हे तिन्ही थर काचेसारखे कडक झालेले होते. रबर त्यांच्यावरून घसरत होते, तापत होते आणि ती उष्णता नेमकी जिथे जायला नको तिथे, म्हणजे खालच्या जुन्या एकथरी लाल इनॅमलमध्ये उतरत होती. डाव्या दाराच्या कडेला मी जरा जास्त वेळ रेंगाळलो आणि बोटाएवढा रंग मऊ होऊन ओढला गेला. चूक माझीच. तो डाग अजूनही तिथे आहे.

मग एका दुकानदाराच्या सल्ल्याने वॉर्निश काढण्याचे जेल आणले. त्याने काळी कड सुटली खरी, पण तिच्यासोबत लाल रंगही फडक्यावर येऊ लागला, म्हणून पहिल्याच अक्षराला ते थांबवले. जे वॉर्निश विरघळवते, ते इनॅमललाही ओळखते.

अखेर काम झाले ते मामांच्या शेडमधल्या पद्धतीने. लाकडी ठोकळ्याला १,००० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून साबणाच्या पाण्यात फक्त अक्षरापुरते घासायचे आणि कड सपाट झाल्याचे बोटाला जाणवले, की १,५०० आणि २,००० नंबरवर जायचे. घासणे ओलेच हवे. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे कोरडी धूळ उडवायची नाही आणि तोंडावर मास्क ठेवायचा. दोन दारांना तीन शनिवार लागले. घासण्याआधी सगळी अक्षरे बटर पेपरवर गिरवून घेतली होती. ज्या रंगाऱ्याने ती काढली त्याचा ‘आर’ फारच देखणा होता.

अक्षरे गेली, तरी नाव वाचता येत होतेच. पन्नास उन्हाळे अक्षरांखाली झाकलेला लाल गडद राहिला होता आणि भोवतालचा फिका पडला होता. या सावलीचा दोष चाकाला देणे अन्यायाचे आहे, कारण कुठल्याच साधनाने ती टळत नाही. एकथरी इनॅमल असेल तर नशीब चांगले म्हणायचे. उन्हाने मेलेला थर वरवरचा असतो, त्यामुळे अक्षराऐवजी उरलेल्या दारालाच रबिंग कंपाउंड (रंग घासून उजळवायची पेस्ट) मारले, की खालचा ताजा लाल वर येतो आणि फरक बराच मिटतो. पॅड लाल झाला म्हणून घाबरू नये. क्लिअर कोटच्या रंगात ही सोय नाही. तिथे रंग क्लिअरच्या खाली फिका पडलेला असतो आणि कंपाउंड त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. अक्षरेच क्लिअरच्या खाली दबलेली असतील, तर चाक डब्यातून काढूच नये. तिथे क्लिअर घासून उतरवणे आणि पत्रा पुन्हा रंगवणे याला पर्याय नाही.

तेव्हा व्हिनाइलची अक्षरे, रंगीत पट्ट्या, दुतर्फी टेपचा गोंद यांसाठी हे चाक जरूर घ्यावे. एका मोठ्या गाडीच्या कामात माझे चाक ४ इंचांवरून सव्वातीनवर आले आहे, म्हणजे अजून एखाद्या व्हॅनचे काम निघेल. खऱ्या वर्खासाठी त्याच ३० डॉलरचे चांगले वॉटर पेपर आणि कंपाउंड घ्यावे.

दारांवर तिरप्या उन्हात जुन्या नावाची सावली अजून अस्पष्ट दिसते. नवे नाव लिहिणाऱ्या रंगाऱ्याला ती दाखवली, तेव्हा त्याने अक्षरे अर्ध्या इंचाने मोठी केली आणि काळी कड नेमकी त्या सावलीवरून नेली.