एकच बोट, दोन गिऱ्हाइकं: तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर आमचे पैसे कसे गेले

तुर्कस्तान, ग्रीस, क्रोएशिया इथे शिडाची बोट आठवडाभर भाड्याने घेऊन फिरणं मराठी घरांत आता नवलाचं राहिलेलं नाही. युरोपात राहणारा कुणी भाऊ किंवा दीर बोट चालवायचा परवाना काढतो आणि इकडच्या माणसांना बोलावून घेतो. अशा सगळ्यांनी पैसे भरण्याआधी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. आमचे तीन लाखांच्या वर रुपये गेले आणि ते अजून परत आलेले नाहीत. करारपत्र घेतलं, बोट खरी आहे का याची फोन करून खात्री केली, तरीही माणूस फसतो अशी ही पद्धत आहे.

आम्ही कोल्हापूरचे. टाउन हॉलच्या संग्रहालयात पोसायडनची, म्हणजे ग्रीक समुद्रदेवाची, छोटी ब्राँझची मूर्ती आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली. रोमन काळात भूमध्य समुद्राकडून आपल्या किनाऱ्यावर आणि तिथून घाट चढून पंचगंगेकाठी आलेली. शाळेच्या सहलीत ती पाहिल्यापासून त्या दुसऱ्या टोकाची बंदरं पाहायची माझी इच्छा होती. माझे धाकटे दीर श्टुटगार्टला असतात, त्यांच्याकडे सागरी परवाना आहे. त्यांनीच लिशियाचा, म्हणजे तुर्कस्तानच्या नैऋत्य भागातल्या प्राचीन प्रांताचा, किनारा सुचवला. फेथियेहून निघायचं, पातारा, काश, केकोवा करत परत फेथियेला. त्या किनाऱ्यावर दर काही मैलांवर एक जुनं बंदर आहे आणि बरीचशी समुद्रातूनच नीट दिसतात.

हा धंदा कसा चालतो ते आधी सांगते, कारण फसवणूक त्याच फटीतून होते. बोट असते एका मालकाची किंवा कंपनीची. ती सांभाळणारी, गिऱ्हाइकाच्या ताब्यात देणारी माणसं मरीनात, म्हणजे अशा बोटींच्या धक्क्यावर, बसतात, त्यांच्या कचेरीला बेस म्हणतात. गिऱ्हाईक मात्र बहुतेक वेळा दलालामार्फत येतं. दलाल आपल्या कमिशनमधून थोडी सवलत देतो, त्यामुळे दलालाकडची बोट जराशी स्वस्त असली तर त्यात संशय घेण्यासारखं काही नसतं. आठवडा शनिवार ते शनिवार. निम्मे पैसे बुकिंगला, उरलेले निघण्याच्या महिना-दीड महिना आधी. आणि बुकिंगच्या आधी एक पायरी असते, तिला ऑप्शन म्हणतात. दलालाने बेसला नुसता मेल केला तरी बोट काही दिवस गिऱ्हाइकाच्या नावाने फुकट राखून ठेवली जाते. पैसे आले तर बुकिंग पक्कं होतं, नाही आले तर ऑप्शन आपोआप सुटतो आणि बोट पुन्हा बाजारात येते.

आम्हाला दलाल मिळाला तो युरोपातल्या भारतीयांच्या ओळखीतून. अस्खलित इंग्रजी, मधूनमधून हिंदी, विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर. कोणत्या खाडीत दुपारचा वारा लागतो, कुठे नांगर धरत नाही, हे सगळं त्याला ठाऊक होतं. बोटीचे फोटो, लांबी, केबिन, बांधणीचं साल, सगळं खरं होतं, कारण बोट खरीच होती. भाडं ३,४०० युरो, दहा टक्के सवलतीसह.

दिरांनी त्याला न सांगता बेसचा नंबर शोधून थेट फोन लावला. पलीकडच्या बाईंनी संगणकावर पाहून सांगितलं, की हो, त्या आठवड्याला ही बोट तुमच्याच नावाने राखलेली आहे. याच्यापेक्षा जास्त खात्री कुणी कशी करून घ्यायची? आम्ही निम्मे पैसे पाठवले. करारपत्र आलं, त्यावर शिक्का, सही, बोटीचा नोंदणी क्रमांक. पुढे उरलेले पैसेही गेले. तुर्कस्तानात प्रत्येक सफरीसाठी ट्रान्झिट लॉग नावाचा परवाना काढावा लागतो आणि त्यात बोटीवरच्या सगळ्यांची नावं लागतात, हे खरं आहे. त्या निमित्ताने त्याने आम्हा सगळ्यांच्या पासपोर्टच्या प्रतीही मागून घेतल्या.

बेसच्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या. फोन केला त्या दिवशी बोट आमच्या नावाने होतीच, पण ऑप्शनवर. दलालाने आमची नावं देऊन ती राखायला लावली होती आणि आम्ही चौकशी करू हे धरूनच चालला होता. आमचे पैसे त्याच्या खात्यात गेले, बेसकडे एक पैही पोचली नाही. मुदत संपली, ऑप्शन सुटला. नंतर ती बोट रीतसर दुसऱ्या कुणाला गेली. आम्ही इकडे बॅगा भरत होतो.

फेथियेच्या धक्क्यावर बोटी मागची बाजू धक्क्याला लावून ओळीने उभ्या असतात, चढायला एक अरुंद फळी टाकलेली असते. आमच्या बोटीचं नाव लांबूनच वाचता आलं. तिच्या फळीवरून एक डच बाई पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे आत नेत होती, तिचा मुलगा डोलकाठीला टेकून कलिंगड खात होता. दीर पुढे जाऊन बोलले आणि परत आले. म्हणाले, "वहिनी, यांचं बुकिंग पक्कं आहे. कागद दाखवले त्यांनी. आपलं काहीच नाहीये." ऊन असं तापलेलं की धक्क्याच्या फळ्यांवर चपलेतून चटके बसत होते, आणि सासूबाई सामानावर बसून विचारत होत्या, चढायचं कधी?

बेसच्या बाईंनी आम्हाला आत बसवलं, चहा दिला आणि संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. आमची नावं, राखल्याची तारीख आणि खाली "मुदत संपली" अशी नोंद. त्यांचा यात काही दोष नव्हता आणि त्यांनी खरंच धावपळ केली. दुसऱ्या एका मालकाची जुनी, लहान बोट रविवारी संध्याकाळी मिळाली. पैसे कार्डाने, पावती हातात, मगच दोरी सोडली.

त्या दलालासारख्याला त्या किनाऱ्यावर फार जुने पूर्वज आहेत, म्हणून इथे जरा थांबते.

फासेलिस हे लिशियाच्या पूर्व टोकाचं जुनं शहर. त्याला एक नाही, तीन बंदरं. इ.स.पू. ३३४-३३३ च्या हिवाळ्यात अलेक्झांडर इथे मुक्कामाला होता. परतीला आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याने अंतालियाला गेलो तेव्हा तिथे उतरलो. एका बंदरापासून दुसऱ्या बंदरापर्यंत दगडी फरसबंदीचा रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, आणि झाडांतून लगेच पाणी. अथेन्सचा प्रसिद्ध वक्ता डेमोस्थेनिस याच्या नावावर जी न्यायालयीन भाषणं आहेत त्यांत याच गावच्या व्यापाऱ्यांवरचा एक खटला आहे. इ.स.पू. चौथ्या शतकात फासेलिसच्या आर्तेमोन आणि अपोलोदोरोस या भावांनी अथेन्समध्ये ३,००० द्राख्मा (तिथली चांदीची नाणी) उसने घेतले. मेंदे गावची ३,००० घडे दारू जहाजात भरायची आणि काळ्या समुद्राकडे नेऊन विकायची, असा करार. व्याज हजाराला २२५, परतायला सप्टेंबरचा मध्य उलटला तर ३००. माल आधी कुठे गहाण नाही आणि पुढेही टाकणार नाही, ही अट स्पष्ट लिहिलेली. तो करार भाषणात पूर्ण दिला आहे, आजच्या कुठल्याही करारपत्रासारखा नीटनेटका. आणि फिर्यादी सांगतो, की भरले ते जेमतेम ४५० घडे, वर त्याच मालावर दुसऱ्या एका तरुणाकडूनही कर्ज काढलं. अथेन्सला परतल्यावर जहाज मुख्य बंदरात न आणता बाहेरच्या एका आडोशाला लावलं. त्या जागेला लोक चोरांचं बंदर म्हणत.

माल एक, त्यावर पैसे दोघांचे. आमची बोटही तशीच. करारपत्रात काही कमी नव्हतं, त्या सावकारांच्याही नव्हतं. जहाजात घडे किती चढले हे धक्क्यावर उभं राहून मोजायला हवं होतं, आणि सावकार बसले होते अथेन्समध्ये.

म्हणून आता कुणी विचारलं की मी एवढंच सांगते. बेसला फोन दोनदा करा. पहिल्यांदा पैसे भरण्याआधी, आणि तेव्हा "बोट आमच्या नावाने आहे का" असं विचारू नका. "ऑप्शन आहे की पक्कं बुकिंग, आणि ऑप्शन असेल तर कोणत्या तारखेपर्यंत" असं विचारा. दुसऱ्यांदा पैसे भरल्यावर आठवड्याभराने, "आमचा पहिला हप्ता तुमच्याकडे जमा झाला का" हे विचारायला. त्या दुसऱ्या फोनला कुठलाही ठक टिकत नाही. नंबर दलालाच्या मेलमधला घेऊ नका, स्वतः शोधा.

पैसे कोणाच्या खात्यात चालले आहेत तेही पाहा. आयबॅनची, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाची, पहिली दोन अक्षरं देश सांगतात. तुर्कस्तानचा आयबॅन टीआरने सुरू होतो, जर्मनीचा डीईने. आम्हाला दिलेला एलटीने, म्हणजे लिथुआनियाचा. युरो खातं म्हणून तसं आहे असं त्याने सांगितलं, आणि परदेशी दलालांची अशी खाती सर्रास असतातही. पण खातेदाराचं नाव करारपत्रावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. युरो वापरणाऱ्या देशांत ऑक्टोबर २०२५ पासून बँकांना पैसे पाठवण्याआधी नाव आणि आयबॅन जुळतो का हे दाखवावं लागतं. तुमचा युरोपातला नातेवाईक पैसे भरणार असेल तर तो इशारा आला की तिथेच थांबा. भारतातल्या बँकेतून, परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म भरून, पैसे पाठवताना आम्हाला असा कुठलाही इशारा मिळाला नाही. जमेल तिथे कार्डानेच भरा. कार्डाचा व्यवहार वादात टाकता येतो. स्विफ्टने, म्हणजे बँकेतून थेट परदेशी बँकेत, गेलेला पैसा मात्र समोरच्या खातेदाराच्या संमतीशिवाय परत येत नाही, आणि ठक कशाला संमती देईल?

पासपोर्टच्या प्रती तर दलालाला देऊच नका. नावांची यादी पुरते. प्रती लागल्याच तर बेसला थेट पाठवा, त्यावर आडवं लिहून: अमुक बोट, अमुक आठवडा, ट्रान्झिट लॉगसाठी. पैशांचा घाव एकदाच बसतो. सासूबाईंच्या पासपोर्टची प्रत कुठे फिरते आहे या विचाराने मला अजून झोप लागत नाही.

सफर झाली, आणि ती सुंदर झाली हेही सांगायला हवं, नाहीतर वाचणारे घाबरून घरीच बसतील. फेथियेच्या पुढे सात भूशिरांचा पट्टा आहे, दुपारी वारा चढला की तिथे लाटा उलटसुलट आदळतात, म्हणून आम्ही पहाटेच निघालो. पातारा समुद्रातून दिसतच नाही, दिसते ती नुसती लांबच लांब वाळू. एकेकाळचं लिशियाचं मोठं बंदर नदीच्या गाळाने भरून आज दलदल झालं आहे. रोमन सम्राट नीरोच्या काळात तिथे बांधलेल्या दीपगृहाचे लेखासह दगड वाळूखाली सापडले. काशच्या पुढे उलुबुरुनचं टोक. १९८२ मध्ये स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला तिथे तांब्याच्या लाद्या दिसल्या आणि इ.स.पू. चौदाव्या शतकातलं जहाज हाती लागलं. सुमारे दहा टन तांबं आणि एक टन कथील. केकोवाला भूकंपांनी खचलेली घरं आहेत, खडकात कोरलेल्या पायऱ्या उतरत थेट पाण्यात जातात. तिथे पोहायला मनाई आहे, बोट हळू न्यायची आणि पाहायचं. सासूबाई काठाला धरून बराच वेळ खाली बघत होत्या.

भग्न बंदरांजवळ खिशातून "जुनं नाणं" काढून दाखवणारे भेटतात. घेऊ नका. बहुतेक नाणी साच्यात ओतलेली नकली असतात, कडेला जोडाची रेघ दिसते. आणि चुकून एखादं खरं निघालं तर ते देशाबाहेर नेणं तुर्की कायद्याने गुन्हा आहे, विमानतळावर पकडलं तर तुरुंग.

तक्रारीचं सांगते. इकडे सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, सायबर पोर्टलवर सगळे कागद चढवले. पैसे भारतातल्या खात्यात असते तर ते गोठवण्याची आशा होती, परदेशी खात्याला ती यंत्रणा लगेच पोचत नाही. दिरांनी जर्मनीत पोलिसांकडे तक्रार दिली. प्रवास विम्यात फसवणूक बसत नाही, असं उत्तर आलं. लिथुआनियातल्या त्या खात्याच्या बँकेला आम्ही वेगळं लिहिलं, तर कित्येक दिवस नुसती पोच येत होती. जर्मनीतल्या तक्रारीचा क्रमांक आणि कोल्हापूरच्या तक्रारीची प्रत दोन्ही जोडून पुन्हा लिहिल्यावर त्यांनी पहिल्यांदा कागद मागवले. तुम्ही किंवा तुमच्या ओळखीच्या कुणी बोटीसाठी एलटीने सुरू होणाऱ्या खात्यात पैसे भरून ते गमावले असतील, तर रक्कम लहान असली तरी आजच तक्रार नोंदवा आणि आयबॅन त्यात पूर्ण लिहा. खातं तेच असेल तर पोलिसांना दोन तक्रारी एकत्र जोडता येतील.