नऊ महिने, एक पावसाळा आणि ४१ काडतुसं: हलक्या एकनळीचा अनुभव

गेल्या मे महिन्यात मी बारा बोअरची नवी एकनळी बंदूक घेतली. मालवण तालुक्यातलं आमचं गाव समुद्रापासून लांब नाही, वारा खारा लागतो एवढं जवळ. भाताचा मळा खाली वहाळाला लागून आणि काजूची बाग वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. रानडुकरं दोन्हीकडे येतात. बाबांनी सत्तरी ओलांडल्यावर शेतीसंरक्षणाचा परवाना माझ्या नावावर झाला आणि आजोबांच्या वेळची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक बदलायची ठरवली.

पुण्याचा मावसभाऊ म्हणाला, "बोल्टवाली रायफल घे ना, हल्ली हलक्या आणि स्वस्त येतात." त्याला सांगितलं ते इथेही सांगतो. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मिळते, आणि ती पुरणार नाही असं अधिकाऱ्यांना पटलं तर आतून गुळगुळीत नळीची दुसरी, तीही किमान वीस इंच नळीची. आटे पाडलेल्या नळीची रायफल त्यात बसत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी मी ती घेतली नसती. आमच्याकडे वाड्या एकमेकींना चिकटून आहेत. पॉइंट टू-टू रायफलची एवढीशी गोळी उंच सुटली तर किलोमीटरभर सहज जाते. बारीक छर्रे दोन-तीनशे मीटरांत दम सोडतात. रात्री अंधारात, समोरच्या माडांपलीकडे कोणाचं खळं आहे हे माहीत असताना, मला हा फरक फार मोठा वाटतो.

बंदूक २८ हजारांना पडली. काजू तोलायच्या काट्यावर ठेवली तर २ किलो ६०० ग्रॅम भरली. जुनी साडेतीन किलोच्या आसपास होती. नळी सव्वीस इंच, दस्ता लाकडाऐवजी काळ्या प्लास्टिकचा. बाबांनी हातात घेऊन वरखाली केली आणि म्हणाले, "झिला, धरूक बरी आसा, पण खांदो फोडतली."

आधी वजनाचं चांगलं सांगतो. घरापासून सड्यावरच्या मांगरापर्यंत, म्हणजे बागेतल्या खोपीपर्यंत, घाटी चढून पंचवीस मिनिटं लागतात. राखणीला जाताना एका हातात बॅटरी, डोक्यावर इरलं किंवा प्लास्टिक, पाठीला पाण्याची बाटली. जुनी बंदूक दोनदा खांदा बदलल्याशिवाय वर पोचत नसे. ही पट्ट्याने लटकवली की विसरायला होते. नळी आखूड असल्याने काजूच्या खाली वाकलेल्या फांद्यांत अडकत नाही, गडगा, म्हणजे दगडी कुंपण, ओलांडताना चिऱ्याला आपटत नाही. भात दुधात आलं की सलग पंधरा-वीस रात्री जागायचं असतं. त्या दिवसांत हे किलोभर ओझं कमी होणं म्हणजे काय, ते राखण केलेल्यालाच कळेल.

आता बाबांचं म्हणणं. बार तेवढ्याच ताकदीचा, बंदूक हलकी, तर धक्का वाढणारच. वजन चौथ्या हिश्श्याने कमी केलं तर धक्क्याची ऊर्जा साधारण तिसऱ्या हिश्श्याने वाढते. साडेतीन किलोवरून दोन सहाशेवर आल्यावर हाच हिशोब खांद्यावर येतो. पहिल्या रात्री तीन बार काढले आणि सकाळी खांद्यावर निळं वळ. दोष सगळा वजनाचा नाही. दस्त्याच्या टोकाला जी रबराची गादी दिली आहे ती नावाला रबर आहे, नखाने दाबली तर दबत नाही. शिवाय दस्ता माझ्या हाताला थोडा लांब पडतो, त्यामुळे घाईत उचलला की तो खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर बसतो. ऑगस्टमध्ये मी ती गादी काढून जाड मऊ गादी बसवली, खर्च फार आला नाही. तेव्हापासून दहा बार सलग काढले तरी त्रास नाही. ही बंदूक घेणाऱ्याने त्या गादीचे पैसे किमतीतच धरावेत.

पण कोकणात बंदुकीची खरी परीक्षा खांद्यावर होत नाही, ती जुलैमध्ये भिंतीवरच्या खुंटीवर होते. घरात मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, चामड्याच्या चपलेवर रात्रीत बुरशी येते. या बंदुकीवरचा काळा मुलामा पातळ आहे. बिजागरीच्या कडेला, जिथे नळी मोडून काडतूस घालतो तिथे, दहा दिवसांत तांबूस ठिपके दिसले. नळीच्या मधोमध मात्र काही नाही. ज्या ठिकाणी माझा घामाचा हात बसतो बरोबर तिथेच गंज धरला होता. आता घरी आलो की आधी कोरडं फडकं, मग पातळ तेलाचं फडकं, मग गजाने नळीतून चिंधी. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. प्लास्टिकच्या दस्त्याचं कौतुक इथे करायलाच हवं. जुन्या बंदुकीचा लाकडी दस्ता पावसाळ्यात फुगायचा आणि चापाजवळ घासायचा. हा चार महिन्यांत केसभरही हलला नाही.

दुकानदाराने सोबत रेक्झिनचं जाड कव्हर दिलं होतं. त्यात बंदूक ठेवू नका, आत ओल कोंडते. मी जुन्या सुती धोतराची पिशवी शिवली आहे आणि खुंटी चुलीच्या बाजूच्या भिंतीवर हलवली आहे. पावसात चालताना नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबायची आमच्याकडे सवय आहे. कृपा करून ती सोडा. अंधारात बोळा काढायचा राहिला आणि बार काढला तर नळी फाटते. तोंड खाली करून लटकवली की पाणी आत जात नाही.

डिसेंबरात एक प्रसंग घडला. पहाटे साडेचार, थंडी चांगली होती, डुकरं वांगणीच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या पिकाच्या, मळ्यात उतरली होती आणि कंदमुळांचे वाफे उकरत होती. चाप ओढला, नुसता खट असा आवाज आला, बार नाही. तोंड बांधाकडे धरून मी तसाच उभा राहिलो, मनात शंभर आकडे मोजले, कारण काडतूस कधी कधी उशिरा उडतं. मग मोडून बघितलं तर काडतुसाच्या बुडाच्या टिकलीवर, जिच्यावर सुई आपटली की बार उडतो, खूण अगदी उथळ. काडतूस खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं शक्तिमान होतं, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेलं, त्यात काही खोट नव्हती. दिवस उजाडल्यावर बंदूक खोलली तेव्हा कारण सापडलं. तेल संपलं म्हणून आठवडाभर मी खोबरेल लावत होतो. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजायला लागतं. टिकलीवर आपटणाऱ्या सुईच्या भोकात ते तुपासारखं बसलं होतं आणि सुईचा जोरच गेला होता. रॉकेलने धुतलं, मशीनचं पातळ तेल एक थेंब लावलं, त्यानंतर एकही काडतूस फुकट गेलेलं नाही. वाडीत अजून कित्येक घरांत बंदुकीला खोबरेल लावतात, म्हणून हे एवढं लांबवून लिहिलं.

नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी पांढरी आहे, बॅटरीच्या उजेडात दिसते. चाप थोडा जड आहे. राखणीच्या बंदुकीला तो जडच असावा असं माझं मत आहे, झोपेत बोट लागून काही होऊ नये. रिकामं काडतूस मात्र कधी कधी अडकतं. पावसाळ्यात पितळी बुडावर हिरवट थर आलेली होती तेवढीच अडकली, पुसून ठेवलेली नाही.

वापराबद्दल एक गोष्ट स्पष्ट असू द्या. सगळे बार मी आवाजासाठी काढले, मोकळ्या आभाळाकडे किंवा मातीच्या बांधाकडे. कातळाकडे कधीच नाही, छर्रे उलटून येतात. परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली वनखात्याच्या परवानगीशिवाय डुक्कर मारणं गुन्हा आहे, शेत आपलं असलं तरी. गव्याला तर त्याहून कडक संरक्षण आहे. बारचा आवाज डुकरांना पुरतो, कळप दोन-तीन रात्री फिरकत नाही. माकडं तिसऱ्या दिवसापासून घाबरत नाहीत, त्यांच्यासाठी बंदूक घ्यायची असेल तर पैसे वाचवा आणि कुत्रा पाळा. यंदा भाताचं नुकसान गेल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी झालं, पण त्यात बाबांनी मळ्याभोवती बांधलेल्या जुन्या साड्यांचाही वाटा आहे.

मधे निवडणुकीची आचारसंहिता लागल्यावर बंदूक ठाण्यात जमा होती. देताना जाड तेल चोपडून दिली होती, परत आली तेव्हा ठिपका नव्हता.

ज्यांचा मळा घरासमोर आहे त्यांनी जड बंदूकच घ्यावी, खांदा वाचेल. ज्यांना रोज घाटी चढायची आहे त्यांनी ही जरूर बघावी. बोंडू पडायला लागलेत, परवापासून मांगरात झोपायला जायचं आहे. बाबा म्हणतात तेही येणार. बंदूक मी घेईन, त्यांच्याकडे डबा आणि काठी.