व्रतकथांच्या अभ्यासासाठी प्रॉप की ग्रेमास?

परभणी-हिंगोलीकडच्या गावांतून श्रावणातल्या कहाण्या, गोंधळातली आख्याने आणि जात्यावरच्या ओव्या गोळा करून प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला विश्लेषणाची चौकट ठरवावी लागते, तेव्हा निवड बहुधा कथेच्या रचनेचे दोन अभ्यासक, रशियाचे व्लादिमिर प्रॉप आणि फ्रान्समधले ए. जे. ग्रेमास, यांच्यातच होते. जोसेफ कॅम्पबेल यांचा १९४९ मधला नायकप्रवासाचा आराखडा पटकथालेखकांच्या कामी येतो. पण तो इतका सैल आहे की प्रबंधात त्याच्या आधारे काही सिद्ध करणे अवघड जाते.

प्रॉप यांनी १९२८ मध्ये शंभर रशियन अद्भुतकथांच्या आधारे ३१ प्रकार्ये (कथानक पुढे नेणाऱ्या पात्रांच्या कृती) आणि पात्रांची सात कार्यक्षेत्रे (नायक, खलपात्र, साहाय्यक अशा भूमिका) मांडली. एखाद्या कथेत यांतली काही प्रकार्ये गळतात, मात्र जी उरतात त्यांचा क्रम बदलत नाही, हा त्यांचा मुख्य दावा आहे. आपल्या कहाणीत ‘उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस’ हा निर्बंध, त्याचे उल्लंघन आणि मग येणारी विपत्ती एवढा भाग या साच्यात चपखल बसतो. एकाच कहाणीची गावोगावची रूपे हाती असतील, तर कुठे काय गळले हे दाखवायला प्रॉपइतके नेमके साधन मला दुसरे दिसत नाही.

अडचण पात्रांपाशी येते. आदित्यराणूबाईच्या कहाणीत मावशीने मुलांजवळ दिलेले धन सूर्यनारायण वेष पालटून वाटेतच काढून घेतो. एकच पात्र अनेक कार्यक्षेत्रांत वावरू शकते, हे प्रॉप यांना मान्य आहे. तरीही, हिरावून घेणे हे त्यांच्या साच्यात खलपात्राचे काम असल्याने, या कृतीपुरते सूर्यनारायणाला खलपात्र म्हणणे कहाणी सांगणाऱ्या कोणत्याही आजीला रुचणार नाही, आणि माझ्या मते तिचेच बरोबर आहे.

ग्रेमास यांनी १९६६ मध्ये प्रॉप यांच्या भूमिका आटवून कर्ता-इष्ट (कर्त्याला हवे ते), प्रेषक-ग्राहक (काम सोपवणारा आणि त्याचे फळ मिळणारा) आणि साहाय्यक-विरोधक अशा तीन जोड्या केल्या, आणि पुढे प्रेषकाकडे निवाड्याचा अधिकारही दिला. या दृष्टीने पाहिले तर वसा सोपवणारा आणि तो पाळला गेला की नाही हे तपासून शिक्षा किंवा फळ देणारा देव एकच ठरतो, त्यामुळे खलत्वाचा प्रश्नच उरत नाही. सलग कथानक नसलेल्या ओवीलाही ही चौकट चालते, कारण सासुरवाशीण कर्ता, माहेर इष्ट, भाऊ साहाय्यक आणि सासू विरोधक ही मांडणी चार ओळींतही दिसते. मात्र सहा खणांत काहीही कोंबता येते, म्हणून प्रत्येक नेमणुकीला संहितेतला पुरावा द्यावाच लागेल.

संकलन मोठे आणि कहाण्यांपुरते असेल तर प्रॉप घ्यावेत. मोजक्या कथांत देवतेची भूमिका तपासायची असेल किंवा ओव्याही घ्यायच्या असतील, तर ग्रेमास घ्यावेत. गोंधळातला अर्थ नाईक आणि साथीदार यांच्या सवाल-जवाबांतही घडत असल्याने त्यासाठी हे दोघेही अपुरे पडतात. तिथे प्रयोगाचे ध्वनिमुद्रण करून सादरीकरणाचाच अभ्यास करावा लागेल.