स्कॉटलंड्सपीपल : आधी समास बघा

चौतीस वर्षं तलाठी म्हणून काढली, आणि ऐन वेळी नोंदीच्या पानाचा समास बघायला विसरलो. म्हणून स्कॉटलंडच्या जुन्या नोंदी दाखवणाऱ्या या वेबसाइटचा हा रिव्ह्यू.

गेल्या वर्षी लेकीकडे पाच महिने एडिनबरोला होतो. बाहेर पाऊस, लेक-जावई ऑफिसात, घरात मी आणि हीटर. जावई तिथलाच. चौथ्या आठवड्यात ठरवलं, याच्या घराण्याची वंशावळ काढू. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला गाव-आडनाव सांगितलं की उपाध्ये वही काढतात. तिथे ते काम स्कॉटलंड्सपीपल ही वेबसाइट करते. साइट सरकारी आहे, नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडची.

सूचीत नाव शोधायला पैसे नाहीत. जन्म, लग्न किंवा मृत्यूच्या मूळ नोंदीचं पान उघडायचं तर ६ क्रेडिट. मी ३० क्रेडिट साडेसात पौंडांना घेतले, म्हणजे पान दीड पौंडाला पडलं. उताऱ्यासाठी कुणाच्या टेबलासमोर उभं राहावं लागत नाही, हे मी लिहावं यातली गंमत मला कळते.

सरकारी नोंदी १ जानेवारी १८५५ पासूनच्या आहेत. पहिल्या वर्षाच्या जन्मनोंदी तर बघतच राहाव्यात. आईबापांची वयं, जन्मगावं, लग्न कधी-कुठे झालं, आधीची मुलं किती, सगळं. नमुना भरणारे मेटाकुटीला आले असणार, पुढच्याच वर्षी रकाने कमी केले. लग्नाची तारीख-गाव तेवढं १८६१ पासून परत आलं. आणखी एक सोय म्हणजे लग्न झालेल्या बाईची मृत्यूची नोंद माहेरच्या आडनावावरही सापडते. आपल्या जुन्या कागदांत 'अमक्याची बायको' एवढ्यावरच बाई संपते.

आता माझी चूक. जावयाचे पणजोबा १८८७ साली ॲबर्डीनशायरमध्ये जन्मले. नोंद उघडली तर आई शेतावर कामाला आणि बापाचा रकाना कोरा. घरात सांगत आलेले की बाप समुद्रात बुडाला. वर्षाची वर्गणी घेणाऱ्या दुसऱ्या एका साइटवर कुणीतरी एक बुडालेला खलाशी या कुटुंबाला जोडूनही ठेवला होता. मी तीन दिवस त्या खलाशाच्या मागे. चौथ्या दिवशी तेच पान मोठं करून बघताना डाव्या कडेला बारीक शाईत काहीतरी दिसलं. खंड, पान नंबर, तारीख, सही.

अहो, हा तर फेरफार नंबर!

सातबाऱ्यावर वर्तुळात फेरफाराचा नंबर असतो. जमीन या नावावर कशी आली ते सातबारा सांगत नाही, फेरफार सांगतो. तिथेही तसंच. सही झालेली नोंद खोडायची नाही. दुरुस्ती वेगळ्या वहीत लिहायची आणि मूळ पानाच्या समासात तिचा पत्ता द्यायचा. त्या वहीचं नाव रजिस्टर ऑफ करेक्टेड एंट्रीज, १९६५ पासून रजिस्टर ऑफ करेक्शन्स एटसेट्रा. या 'एटसेट्रा'वर मी फिदा आहे.

दुरुस्तीचं पान उघडलं. आईने शेरीफ कोर्टात दावा लावला होता (शेरीफ म्हणजे तिथे चक्क न्यायाधीश) आणि कोर्टाने बाप ठरवून दिला होता. नाव, गाव, धंदा सगळं होतं. धंदा नांगऱ्याचा, शेजारच्याच शेतावर. लग्न न झालेल्या जोडप्यात बापाचं नाव लागायला दोघांनी मिळून सही करायला जावं लागे. हा गेला नसणार, मग बाईच कोर्टात गेली.

त्यानंतर मी प्रत्येक पानाची आधी डावी कड बघायला लागलो. पणजोबांच्या मामाच्या मृत्यूत कारण 'अद्याप अज्ञात' होतं. दुरुस्तीत प्रोक्युरेटर फिस्कलच्या (अचानक मृत्यूंची चौकशी करणारा तिथला सरकारी वकील) चौकशीनंतरची ओळ निघाली : खाणीत दगड पडून कवटी फुटली. अचानक किंवा अपघाती मृत्यू असेल तर दुरुस्तीची नोंद हमखास शोधा, खरं कारण बहुधा तिथेच असतं.

अडचण आहे ती अलीकडच्या नोंदींची. जन्माला १०० वर्षं, लग्नाला ७५, मृत्यूला ५० झाल्याशिवाय पान ऑनलाइन दिसत नाही. त्या आतलं हवं तर दाखला मागवायचा किंवा एडिनबरोच्या त्यांच्या केंद्रात जाऊन बघायचं. मला ते पटलं. जिवंत माणसांच्या भानगडी कुणाच्या हाती लागू नयेत, तलाठ्याच्या तर नाहीच.

विहीणबाईंना हे सांगायचं कसं, हा प्रश्न होताच. वय ७९. मी लेकीला पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं.

"म्हणजे बुडाला नाही तर," म्हणाल्या. "आणि तिने कोर्टात खेचला त्याला!"

मग चहा ओतता ओतता मला विचारलं, माझ्या आईकडचंही बघाल का? खात्यात ६ क्रेडिट उरले होते. मी आणखी ३० घेतले.