कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जासाठी वकील: फी देऊन की विधी सेवेतून?

धाकट्या बहिणीचा अर्ज कोर्टात जाऊन अडीच वर्षं होत आली. पहिले आठ महिने खासगी वकील होते, त्यानंतर मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाने नेमून दिलेल्या वकीलबाई आहेत. एकाच प्रकरणात दोन्हींचा अनुभव आला म्हणून नात्यातलं, ओळखीतलं कुणी ना कुणी विचारत असतं, आम्ही कुणाकडे जावं? तिला विचारून, तिला चालेल तेवढंच लिहितोय.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा आहे, आणि त्यातलं संरक्षण, पोटगी वगैरे मिळावी म्हणून कलम १२ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करतात; त्याच अर्जाबद्दल हे आहे. एक गोष्ट मात्र आधी सांगतो, कारण ती शिकल्यासवरल्या घरांतही माहीत नसते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे मोफत वकील मिळण्यासाठी बाईला उत्पन्नाची अट नाही. नोकरी असो, पगार असो, माहेर खातंपितं असो, तिला हक्क आहे. कुणी उत्पन्नाचा दाखला मागितलाच तर महिलांना तो लागत नाही असं शांतपणे सांगावं. आमच्या घरी हा विषय निघाला तेव्हा वडील म्हणाले, "फुकटचा वकील घ्यायची वेळ आली का आपल्यावर?" तिथेच चर्चा संपली आणि ओळखीतून एक नावाजलेले वकील ठरले.

त्यांच्या बाजूने आधी बोलतो, कारण त्यांचे फायदे खरे होते. चौथ्या दिवशी अर्ज दाखल झाला. पुढे विधी सेवेकडे अर्ज देणं, वकील नेमल्याचं पत्र येणं आणि पहिली भेट होणं यात आमचे जवळजवळ तीन आठवडे गेले, ते पाहता हा वेग मोठाच. संध्याकाळी ऑफिसात गेलं की भेटायचे, फोन उचलायचे. सुरुवातीला ३० हजार आणि पुढे दर तारखेला दीड हजार एवढी फी होती. आमच्या भागात ती फार नव्हे. ज्या बाईला आज रात्री घराबाहेर काढलं जातंय, तिला तीन आठवडे थांब म्हणणं सोपं नाही. अर्थात अशा वेळी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करता येतो आणि या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे वकिलाशिवायही जाता येतं, हे लक्षात असू द्या.

तारखांच्या बाबतीत दोन्हींत मला काडीचा फरक दिसला नाही. कायद्यात लिहिलंय की पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा. आमची पहिली तारीखच महिन्यापुढची होती. न्यायाधीश साहेब रजेवर, समन्स बजावलं नाही, समोरच्यांचा मुदतीचा अर्ज, हे दोघांच्याही काळात सारखंच चाललं. त्यामुळे "मोठा वकील घेतला की लवकर होतं" हे मी तरी कुणाला सांगणार नाही.

माझं मत फिरलं ते एका परिच्छेदामुळे.

पहिल्या वकिलांकडची मुलाखत वीसेक मिनिटांची झाली असेल. ते सगळं मला विचारत होते. लग्न कधी झालं, मुलं किती, नवऱ्याचा पगार किती, घर कुणाच्या नावावर. बहीण शेजारच्या खुर्चीत बसलेली. मध्ये दोनदा तिने काही सांगायला सुरुवात केली, तेव्हा ते म्हणाले, "ते आपण नंतर घेऊ." दुसऱ्या दिवशी त्यांच्या कारकुनाने अकरा पानं समोर ठेवली आणि इथे, इथे आणि इथे सही करा म्हणून बोट दाखवलं. तिने केली. प्रतिज्ञापत्रावरही केली. आम्ही दोघांनी वाचलं नाही, यात आमचीही चूक आहे.

तिच्यावर नेमकं काय गुदरत होतं? तिचं एटीएम कार्ड लग्नापासून सासूच्या कपाटात. महिन्याचा पगार जमा झाला की दोन-तीन दिवसांत काढला जायचा आणि बसच्या पासाला पैसे मागावे लागायचे. ऑफिसातून यायला उशीर झाला की दार उघडायचे नाहीत. एकदा पावसात जिन्यावर दीड तास. रोज रात्री मोबाईल तपासायचा. हातही दोनदा उगारला गेला. आर्थिक छळ आणि शाब्दिक-भावनिक छळ या कायद्याच्या कलम ३ मध्ये वेगळे, नाव घेऊन दिलेले आहेत. म्हणजे जे घडलं ते घडलं तसं सांगितलं असतं, तरी अर्ज पुरेसा होता.

समोरच्यांचा से, म्हणजे लेखी उत्तर, आला तेव्हा आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात तो वाचला. त्यात लिहिलं होतं की मोटारसायकल घेण्यासाठी माहेरहून दोन लाख आणण्याची मागणी केल्याचा आरोप धादांत खोटा आहे, गाडी लग्नाच्या आधीपासूनची आहे. सोबत आरसी बुकाची झेरॉक्स जोडलेली. बहिणीने ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाली, "दादा, हे तर ते खरं बोलतायत. गाडीसाठी कुणी कधी काही मागितलंच नव्हतं."

मग आम्ही आपला अर्ज पहिल्यांदा नीट वाचला. परिच्छेद ६ मध्ये मोटारसायकल आणि दोन लाख. एटीएम कार्डाबद्दल अकरा पानांत एक ओळ नाही. जिन्याबद्दल नाही. वकीलसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "एवढं घालावंच लागतं, नाहीतर केस उभी राहत नाही." ते वाईट हेतूने म्हणाले असं मला वाटत नाही, वर्षानुवर्षांची सवय असेल. पण जिच्यावर घरात कुणी विश्वास ठेवत नव्हतं, तिच्या सहीखाली एक खोटं वाक्य बसलं होतं, आणि तिची खरी गोष्ट कागदावर कुठेच नव्हती. त्या रात्री ती मला म्हणाली, "मी तिथे काय म्हणून उभी राहू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वकील बदलायचा तर आधीच्यांची ना हरकत लागते. ती मिळायला दोन आठवडे गेले, बाकी त्रास झाला नाही. कुणी फीसाठी कागद अडवून धरले तर माहीत असावं: थकलेल्या फीपोटी पक्षकाराची कागदपत्रं वकिलाला रोखून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय.

विधी सेवेच्या वकीलबाई पहिल्या भेटीत मला म्हणाल्या, "दादा, तुम्ही जरा बाहेर बसता का?" क्षणभर मला लागलं. आठ महिने मीच सगळं पाहत होतो. बाहेरच्या बाकावर सव्वा तास बसलो. नंतर उमगलं की काही गोष्टी ती भावासमोर कधीच बोलली नसती. अशा दोन बैठका झाल्या. मॅडम वहीत हाताने लिहून घेत होत्या, आणि प्रत्येक घटनेला एकच प्रश्न विचारत होत्या, "हे कशावरून दाखवता येईल?" त्यातून पासबुक निघालं. पैसे काढल्याच्या नोंदी सकाळी अकरा-बाराच्या, सासरच्या गल्लीतल्या एटीएमवरच्या. त्याच दिवशी त्याच वेळी बहिणीची ऑफिसातली बायोमेट्रिक हजेरी. दोन कागद शेजारी ठेवले की कुणालाही दिसेल. आठ महिने ते आमच्याच कपाटात पडून होते.

अर्जात दुरुस्ती मागितली. अशा अर्जात दुरुस्ती होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या कुनापारेड्डी प्रकरणातल्या निकालाने स्पष्ट केलंय. मॅडमनी तोच दाखवला. हजार रुपये कॉस्ट, म्हणजे दुरुस्तीपोटी भरायचा खर्च, बसली, दुरुस्ती मंजूर झाली. गाडीचा परिच्छेद काढला, कार्डाचा आणि जिन्याचा आला. दुसरं काम त्यांनी केलं ते मालमत्ता आणि उत्पन्नाच्या प्रतिज्ञापत्राचं. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून ते दोन्ही बाजूंनी द्यायचं असतं. आमचं आधीच दिलेलं होतं, नवऱ्याचं कुणी मागितलंच नव्हतं. ते आल्यावर अंतरिम पोटगीचा हुकूम झाला, अर्जाच्या तारखेपासून.

आता विधी सेवेच्या उणिवाही सांगायला हव्यात. मॅडमचा फोन दिवसा लागत नाही. एका तारखेला त्या दुसऱ्या कोर्टात अडकल्या आणि आमचा पुकारा झाला तेव्हा बहीण एकटी उभी होती. विधी सेवेच्या पॅनेलवरचे, म्हणजे यादीतले, सगळे वकील असेच असतील असंही नाही. व्हरांड्यात भेटलेल्या एका ताईंना त्यांच्या नेमलेल्या वकिलाचा चेहराही माहीत नव्हता. वकील बदलून मागता येतो, हे त्यांना बहिणीनेच सांगितलं. अर्ज जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे करायचा. सचिव न्यायाधीशच असतात. नेमलेल्या वकिलाने पैसे मागितले तरी तिथेच जायचं. तालुक्याच्या कोर्टातही विधी सेवा समिती असते, दर वेळी जिल्ह्याला पळायची गरज नाही.

खासगी वकिलांत मन लावून ऐकणारे आहेत, एक-दोन मी पाहिलेत. तसे मिळाले आणि फी परवडत असेल तर मी कुणाला अडवणार नाही. दोन-तीन गावांत वेगवेगळे खटले चालू असतील, सोबत मालमत्तेचा दावा असेल, तर सगळं एका हाती ठेवणारा स्वतःचा वकील कदाचित सोयीचा पडेल. मला एकच वाटतं: पहिल्या भेटीत वकील कुणाकडे बघून बोलतो ते पाहा. भावाकडे बघून बोलत असेल तर दुसरीकडे जा.

वकील कोणताही घ्या, व्हरांड्यात सोबत कुणीतरी लागतं. समोरच्या बाकावर सासरची पाच माणसं बसलेली असतात आणि पुकारा कधी होईल सांगता येत नाही. आमच्यासोबत महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षातल्या समुपदेशक ताई यायच्या. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर हे कक्ष सुरू केले, आता ते राज्यभर आहेत. ताई कोर्टात बोलत नाहीत. त्या बहिणीच्या आणि त्या बाकाच्या मध्ये बसायच्या, बस. आदल्या रात्री ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर तारीख बघायची, रोजनामा (त्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) वाचायचा, हुकूमाची नक्कल या कायद्याखाली विनामूल्य मिळते ती मागून घ्यायची, हे सगळं तिने त्यांच्याकडून शिकून घेतलं. सुनावणी बंद खोलीत मागता येते, हेही त्यांनीच सांगितलं.

विधी सेवेकडे जाताना ओळखपत्र, लग्नाचा काही पुरावा आणि असतील तर जुने कोर्टाचे कागद न्यावेत. कुठे जायचं कळत नसेल तर विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा. अर्जाचा मसुदा तयार झाला की सही करण्याआधी तिने स्वतः तो मोठ्याने वाचावा, घाई कितीही असली तरी. वकिलाला राग आला तर येऊ दे.

पुढच्या महिन्यात तिची उलटतपासणी आहे. काढून टाकलेल्या त्या परिच्छेदावर समोरचे वकील बोट ठेवणारच, हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलंय. काय उत्तर देणार म्हणून मी तिला विचारलं. "जे झालं ते. न वाचता सही केली होती, म्हणून सांगेन," ती म्हणाली, आणि तारखेला रजा मिळेल का ते बघायला लागली.