देवरुखच्या घरात इंटरनेटवरचा लँडलाइन: एक पावसाळा काढल्यानंतर

आधी निकाल सांगतो. साधा फोन इंटरनेटला जोडणारा ग्रँडस्ट्रीमचा एचटी८०१ हा अडॅप्टर घेण्यासारखा आहे, पण या सगळ्या खटाटोपात त्याने सर्वांत कमी त्रास दिला. फोन नीट चालणार की नाही हे राउटरवर ठरतं, आणि त्याहून जास्त विजेवर. प्लॅन किती एमबीपीएसचा आहे याचा आवाजाशी फारसा संबंध नाही.

आई देवरुखला, आम्ही पुण्यात. घरात मोबाइलची रेंज फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात. स्मार्टफोन आहे, पण आईचं बोट कोरडं, स्क्रीनला कळतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल येऊन वाजून बंद होतो आणि ती हिरवं बटण घासत राहते. तिला हवा होता उचलायचा रिसीव्हर. तांब्याची जुनी लाइन कधीच गेली होती, बटणांचा बीटेलचा फोन मात्र टेबलावर तसाच होता.

एचटी८०१ म्हणजे तळहातावर मावेल असा डबा. एकीकडे साध्या फोनची वायर, दुसरीकडे लॅन केबल, आणि ५ व्होल्टचा यूएसबी चार्जर. वायफाय नाही, त्यामुळे राउटरपासून केबल ओढावी लागते. असे दोन घेतले, एक तिथे आणि एक इथे. मध्ये पुण्याच्या घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर अ‍ॅस्टेरिस्क हे मोफत एक्स्चेंज सॉफ्टवेअर. आईचा नंबर १०१, आमचा १०२, माझ्या मोबाइलवरच्या लिनफोन या इंटरनेट-फोनच्या अ‍ॅपला १०३. सगळं धरून मध्यम स्मार्टफोनइतका खर्च झाला; महिन्याचा वेगळा खर्च म्हणाल तर पुण्याच्या स्टॅटिक आयपीचा, म्हणजे इंटरनेटवरच्या न बदलणाऱ्या पत्त्याचा.

ज्या सोयीसाठी मी हे पुन्हा विकत घेईन ती म्हणजे ऑफहुक ऑटो-डायल. रिसीव्हर उचलून चार सेकंद काही दाबलं नाही, तर ठरलेला नंबर आपोआप लागतो. आई रिसीव्हर उचलते, कानाला लावते, पुण्याला घंटी वाजते. बस्स. तिला काही शिकवावं लागलं नाही.

सेटिंगचं पान मात्र जुन्या सरकारी फॉर्मसारखं लांबलचक आहे, आणि मूळ सेटिंग अमेरिकी. घंटी दोन सेकंद वाजते आणि चार सेकंद थांबते. आईने दोनदा विचारलं, हे काय वाजतंय? आपली घंटी जोडीने वाजते: ०.४ सेकंद, मध्ये ०.२ चा खंड, परत ०.४, मग दोन सेकंद शांतता. हे आकडे भरले आणि ती स्वयंपाकघरातून उठून येऊ लागली. तसंच लाइनच्या इम्पीडन्सचं, म्हणजे फोन आणि अडॅप्टरचा विद्युत मेळ बसवण्याचं. यादीत 'भारत/न्यूझीलंड' असा पर्याय आहे, तो निवडल्यावर स्वतःचाच आवाज कानात घुमणं बरंच कमी झालं. दुकानदार यातलं काही सांगत नाही.

आता राउटर. देवरुखच्या फायबरवर स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळत नाही. शंभरने सुरू होणारा, १००.६४ च्या पट्ट्यातला, अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला पत्ता मिळतो. बाहेरून त्या घराला थेट हाक मारता येत नाही. त्यात कंपनीने दिलेल्या डब्यात एसआयपी एएलजी ही सोय चालू होती. एसआयपी म्हणजे इंटरनेटवर कॉल जोडायची भाषा; ही सोय त्या संदेशातले पत्ते मदत म्हणून बदलतं, आणि मग मला आईचं ऐकू येतं, तिला माझं नाही. ती बंद केलीच, पण खरा उपाय वायरगार्डचा बोगदा, म्हणजे इंटरनेटवरून दोन घरं जोडणारी कुलूपबंद खासगी वाट. देवरुखला जीएल.आयनेटचा 'मँगो' हा पिटुकला राउटर ठेवला आहे, तो स्वतःहून पुण्याला जोडून घेतो आणि दर २५ सेकंदांनी माहितीचं एक छोटं पॅकेट पाठवून वाट उघडी ठेवतो. दोन्ही फोनना वाटतं, आपण एकाच घरात आहोत. शिवाय ५०६० हा पोर्ट, म्हणजे एसआयपीचं नेहमीचं दार, जगाला उघडा ठेवावा लागत नाही. तो उघडा ठेवलात तर कुठले कुठले बॉट पासवर्ड आपटत बसतात, लॉग बघून चक्कर येते.

मँगोला फक्त २.४ गिगाहर्ट्झ आहे, केबलची तोंडं १०० एमबीपीएसची. पुण्याच्या फ्लॅटमध्ये मी हे चालवून घेतलं नसतं. चिऱ्याच्या जाड भिंतींतून मात्र ५ गिगाहर्ट्झ तसंही पुढच्या खोलीत पोचत नाही, म्हणून इथे बिघडत नाही.

वेगाबद्दल. आवाजाचे आकडे करायच्या जी.७११ या साध्या पद्धतीत (कोडेकमध्ये) आवाज ६४ केबीपीएस घेतो, पॅकेटांची वेष्टनं धरून ८०, बोगद्यातून शंभरच्या जरा वर. चाळीस एमबीपीएसच्या लाइनवर हे नगण्य. तरीही गणपतीत घर भरलं, भाच्यांच्या मोबाइलांवर व्हिडिओ आणि फोटोंचे बॅकअप सुरू झाले, आणि आईचा आवाज तुटायला लागला. दर २० मिलिसेकंदांना निघणारं आवाजाचं पॅकेट त्या फोटोंच्या मागे रांगेत उभं राहतं, हे कारण. मँगोवर एसक्यूएम हे रांग सांभाळणारं सॉफ्टवेअर टाकून त्यातली केक ही पद्धत लावली आणि वेगाची मर्यादा दोन्ही बाजूंनी खऱ्या वेगापेक्षा थोडी खाली ठेवली. रांग आपल्या राउटरमध्ये आली, तिथे आवाजाला पुढे सोडता येतं. त्यासाठी कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करणं भाग होतं, नाहीतर भाचे बाजूने निघून जातात. असल्या स्वस्त प्रोसेसरला तीनशे एमबीपीएसच्या लाइनवर हे पेलणार नाही.

आणि लाइट. तांब्याच्या फोनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून ४८ व्होल्ट मिळत. घरात अंधार असला तरी फोन जिवंत. फायबरमधून वीज येत नाही. म्हणजे लाइट गेली की फोन गेला, आणि कोकणात पावसाळ्यात फोनची गरज नेमकी तेव्हाच. मिनी यूपीएस घेताना १२ आणि ५ व्होल्ट, दोन्ही तोंडं असलेला घ्या. फायबरच्या डब्याला १२ लागतात, मँगो आणि अडॅप्टर ५ वर चालतात. आमचा साधारण चार तास ओढतो. पण रस्त्यावरच्या टोकालाही बॅटरी हवी. जीपॉन या फायबरच्या पद्धतीत एक तार अनेक घरांत वाटणारा खांबावरचा स्प्लिटर विजेशिवाय चालतो. स्थानिक केबलवाल्याने मध्ये कुठे विजेवरचा स्विच बसवला असेल तर तुमचा यूपीएस काय कामाचा? जोडणी घेण्याआधी हा एकच प्रश्न विचारा, वेग नंतर.

हे घरगुती इंटरकॉम आहे, हे ध्यानात असू द्या. याला बाहेरची टेलिफोन लाइन किंवा सिमकार्ड जोडायच्या भानगडीत पडू नका. परवान्याशिवाय इंटरनेटचे कॉल सार्वजनिक फोनजाळ्यात सोडणं आपल्याकडे बेकायदा आहे, बेकायदा एक्स्चेंज म्हणून छापे पडतात ते यावरच. तातडीच्या मदतीचा ११२ नंबरही यावरून लागत नाही, म्हणून पडवीच्या कोपऱ्यात साधा कीपॅड मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो.

लिनफोनचं म्हणाल तर पन्नास टक्के. अँड्रॉइड बॅटरी वाचवायला त्याला झोपवतो आणि आईचा कॉल येऊन गेल्याचं मला नंतर कळतं. बॅटरी सेटिंगमध्ये सूट दिल्यावर सुधारलं, तरी ऑफिसात असताना भरवसा १०२ वरच्या बायकोवर.

फक्त बाहेरचे फोन घ्यायचे-करायचे असतील तर यातलं काहीच नको. बहुतेक फायबरच्या डब्यांना मागे फोनचं तोंड असतं. कंपनीकडून नंबर सुरू करून घ्या, जुन्या फोनची वायर त्यात लावा आणि मिनी यूपीएस तेवढा जोडा.