जुना मदरबोर्ड परत मागा

कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यात वळीव सुरू झाला की डेस्कटॉप बंद पडण्याच्या तक्रारी वाढतात. त्याच दिवसांत ‘बोर्ड गेलाय’ हे निदान सर्रास ऐकू येतं. बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, मशीनचे सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात ती मुख्य पाटी. तो कधी कधी खरंच जातो. पण बटन दाबल्यावर काहीच होत नाही, एवढ्यावरून बोर्ड गेला असं कुणालाही ठरवता येत नाही. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानाला या एका वाक्यापायी ९,६०० रुपये मोजावे लागले. तो प्रकार इथे सविस्तर लिहितो आहोत, कारण हाच डाव घरगुती गिऱ्हाईक, ट्यूशनवाले, झेरॉक्सवाले, छोटी कर सल्लागार ऑफिसं अशा सगळ्यांवर चालतो.

दुकानातला डेस्कटॉप चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा होता, ८ जीबी रॅम, हिशेब टॅलीत. रात्री गडगडाट झाला, लाइट दोन-तीनदा गेली-आली आणि सकाळी मशीन सुरू होईना. पंखा फिरत नव्हता, दिवा लागत नव्हता. दुरुस्तीवाल्याने कॅबिनेट दुकानात नेलं आणि तासाभरात फोन केला.

‘साहेब, बोर्ड गेलाय. रात्रीच्या विजेनं खाल्लाय बघा. सोबत एसएमपीएस पण गेलाय.’

‘मग आता किती खर्च?’

‘धा हजाराच्या आत बसवतो. डेटा पण काढावा लागंल, त्याचे वेगळे.’

‘जुना बोर्ड?’

‘त्यो भंगारच हो, काय करणार तुम्ही त्याचं?’

मदरबोर्ड ६,२००, एसएमपीएस (सॉकेटमधली वीज घेऊन आतल्या भागांना पुरवणारा डबा) १,४००, डेटा १,५००, मजुरी ५००. पैसे रोख, बिल नाही. साध्या कागदावर चार आकडे लिहिलेले, दुकानाचं नाव नाही, शिक्का नाही. मशीन सुरू झालं, पण टॅली उघडायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू लागला, म्हणून तपासणी झाली. रॅम ८ जीबीची ४ जीबी झाली होती. ‘नव्या’ बोर्डावर प्रोसेसरच्या सॉकेटभोवती वाळलेली जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावतात ती) होती, स्क्रूच्या भोकांभोवती घासल्याच्या खुणा होत्या आणि सीरियल नंबरचं स्टिकर खरवडून काढलेलं होतं. चौथी पिढी २०१३ साली आली. तिचे बोर्ड मोठ्या कंपन्या आता बनवत नाहीत. ‘नवे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ बोर्डांवर जुन्या बोर्डांवरून उतरवलेले चिपसेट, म्हणजे बोर्डाच्या मुख्य चिपा, असतात. ते सांगून, वॉरंटी देऊन विकले तर त्यात गैर काही नाही. पण इथे तेवढंही नव्हतं. हा सरळ वापरलेला बोर्ड होता.

जुना एसएमपीएस तेवढा परत आला होता, कारण त्याला किंमत नव्हती. तो मल्टिमीटरवर (व्होल्टेज मोजायच्या यंत्रावर) तपासल्यावर जांभळ्या वायरवर ५ व्होल्टच्या जागी २ व्होल्टच्या आसपास मिळत होते. खरी गोम इथे आहे. जांभळी वायर म्हणजे स्टँडबाय पुरवठा. मशीन बंद असतानाही तो चालू असतो आणि बटन दाबल्याची खबर बोर्डाला याच पुरवठ्यावर कळते. तो २ व्होल्टवर आला की कितीही चांगला बोर्ड लावा, तो मेलेलाच दिसणार. त्यामुळे त्या दुकानाचा मूळ बोर्ड ठीक असण्याची शक्यता मोठी होती. पण बोर्ड हातात नाही, म्हणून हे आता सिद्ध करता येत नाही. फसवणारा नेमका यावरच विसंबून असतो: मापलेला आकडा गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही आणि काढलेला भाग परत द्यायचा नाही.

हा स्टँडबाय बिघाड अचानक आल्यासारखा वाटतो, पण बहुतेक वेळा आधी सूचना देतो. एसएमपीएसमधला त्या सर्किटचा छोटा कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) वर्षानुवर्षं तापून सुकतो, कारण मागचं स्विच चालू असेपर्यंत त्याला विश्रांती नसते. आधीचे काही आठवडे मशीन पहिल्या दाबात सुरू होत नाही, दोन-चारदा बटन दाबावं लागतं, किंवा रात्रभर मेन स्विच बंद ठेवला की सकाळी त्रास देतं. मग एखाद्या दिवशी लाइट जाते-येते आणि ते पुन्हा उठतच नाही. लोक म्हणतात वीज पडली. वीज फक्त निमित्त असते.

म्हणून मशीन दुकानात नेण्याआधी घरीच अर्धा तास द्या. पुढच्या बहुतेक गोष्टींना एक स्क्रूड्रायव्हर पुरतो.

मॉनिटरची आणि कॅबिनेटची पॉवर कॉर्ड बहुधा एकसारखीच असते. मॉनिटर चालू होत असेल तर त्याची कॉर्ड काढून कॅबिनेटला लावा. कॉर्ड, एक्स्टेंशन पट्टीचं सॉकेट, पट्टीचा फ्यूज या तिन्हींचा निकाल एका झटक्यात लागतो. यूपीएस असेल तर तो बाजूला ठेवून थेट भिंतीच्या सॉकेटला जोडून बघा. यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते आणि काही यूपीएस बॅटरी मेली की लाइट असूनही सुरू होत नाहीत. एसएमपीएसच्या मागचं स्विच रेघेच्या बाजूला दाबलेलं आहे ना, तेही बघा, कॅबिनेट सरकवताना ते दाबलं जातं. जुन्या एसएमपीएसला ११५ आणि २३० असं लाल सरकतं स्विच असतं. ते २३० वरच हवं. ११५ वर नेऊन लाइट चालू केली की आत स्फोटासारखा आवाज होतो आणि एसएमपीएस संपतो. लहान मुलांच्या हाताला ते लागू देऊ नका.

यानंतर कॉर्ड पूर्ण काढा आणि पॉवरचं बटन तीसेक सेकंद दाबून धरा. बोर्डावर उरलेला चार्ज निघून जातो. लाइटच्या धक्क्यानंतर एसएमपीएसचं संरक्षण अडकून बसलेलं असेल तर एवढ्यानेही मशीन उठतं. सगळ्या यूएसबी वस्तू काढा, कीबोर्ड-माऊससुद्धा. एखाद्या यूएसबी पोर्टची पट्टी वाकून पत्र्याला टेकली तर स्टँडबायच शॉर्ट होतो आणि मशीन मेल्यासारखं दिसतं. ही चूक दुरुस्तीवालेही बघायला विसरतात.

आता कॅबिनेटचं झाकण उघडून कॉर्ड लावा. पुष्कळ बोर्डांवर एक छोटा दिवा लागतो. तो लागला म्हणजे स्टँडबाय पोचतो आहे, मग संशय बटनावर. पावसाळ्यातल्या दमट हवेत कॅबिनेटची बटनं गंजतात, चिकटतात. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात पुढच्या पॅनेलच्या बारीक वायरी येतात. पॉवर बटनाच्या दोन पिनांवरची वायर काढून त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पिनांची नावं बोर्डावर छापलेली असतात, नसली तर बोर्डाच्या मॉडेलचं मॅन्युअल उघडून बघा, अंदाजाने टोक लावू नका. मशीन सुरू झालं तर बिघाड फक्त बटनाचा. नवं बटन मिळेपर्यंत रिसेट बटनाची वायर पॉवरच्या पिनांवर लावून काम चालतं, खर्च शून्य.

दिवा लागत नसेल तर एसएमपीएस. कॉर्ड लावलेली, मागचं स्विच चालू, २४ पिनांचा मोठा जोड बोर्डावरून काढलेला. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी वायर आणि जांभळी वायर यांत ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. नाही आले तर एसएमपीएस गेला, बोर्डाबद्दल अजून कुणीही एक शब्द बोलू शकत नाही. आले तर मागचं स्विच बंद करून हिरवी आणि शेजारची काळी वायर पेपर क्लिपने जोडा, मग स्विच चालू करा. पिवळ्यावर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ आणि करड्या वायरवर ५ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. काही एसएमपीएस लोडशिवाय उठत नाहीत, त्यांना एखादी जुनी हार्ड डिस्क किंवा डीव्हीडी ड्राइव्ह जोडा. सगळ्या वायरी काळ्या असतील तर पिनांचा नकाशा बघितल्याशिवाय क्लिप लावू नका. ही परीक्षा पास होऊनही एसएमपीएस खऱ्या लोडवर दम सोडू शकतो, म्हणून शेवटची खात्री दुसरा चालू एसएमपीएस लावूनच होते. एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि कॉर्ड काढल्यावरही काही काळ टिकतो.

चांगला एसएमपीएस लावूनही मशीन उठत नाही, तेव्हाच बोर्डाचा विषय निघतो. तिथेही क्रम आहे. हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड, जादा रॅम, सगळं काढा. बोर्ड, प्रोसेसर, कूलर आणि एकच रॅम ठेवा. प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा १२ व्होल्टचा जोड काढून बटन दाबा. तो काढल्यावर पंखा फिरतो आणि लावला की लगेच थांबतो, असं असेल तर प्रोसेसरला पुरवठा करणाऱ्या भागातला मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) शॉर्ट असण्याची दाट शक्यता. तोही चांगला कारागीर बदलून देतो. बोर्डावरचा गोल सेल नवा असताना ३ व्होल्टचा असतो. पार उतरला की काही बोर्ड सुरूच होत नाहीत, आणि तो पन्नास-एक रुपयांत मिळतो. कपॅसिटरचे माथे फुगलेत का, बोर्डाखाली सुटा स्क्रू किंवा पालीचं पिल्लू अडकलंय का, तेही बघा. इंटरनेटची तांब्याची केबल बाहेरून येत असेल तर विजेचा धक्का खरोखर बोर्डात शिरतो, अशा वेळी नेटवर्कची चिप हाताला चटका बसेल इतकी तापते. एवढं सगळं करून ज्याने ‘बोर्ड गेला’ म्हटलं, त्याचं ऐकावं.

मशीन द्यावंच लागलं तर हार्ड डिस्क किंवा एसएसडी काढून घरी ठेवा. सुरू न होणाऱ्या मशीनचा बिघाड शोधायला तुमच्या डिस्कची गरज नसते. एसएमपीएस गेल्याने बहुतेक वेळा डेटाला काही होत नाही, त्यामुळे तपासणीआधीच ‘डेटा काढायचे’ पैसे सांगणारा माणूस तुमच्या घाबरण्याचे पैसे मागतो आहे. वरच्या प्रकरणातले १,५०० रुपये असेच गेले. डिस्क तीच होती, तशीच जोडली होती. झाकण लावण्याआधी रॅम, एसएमपीएस, बोर्ड यांच्या स्टिकरचे सीरियल नंबर वाचता येतील असे फोटो काढा. जॉब शीटवर (मशीन घेताना दुकानदार लिहून देतो त्या कागदावर) रॅम किती जीबीची, किती पट्ट्या, हे लिहून घ्या आणि ‘काढलेला प्रत्येक भाग परत द्यायचा’ ही ओळ तुमच्यासमोर लिहायला लावा. ही ओळ लिहायला जो कां-कूं करतो त्याच्याकडे मशीन ठेवू नका. फोन आला की एकच प्रश्न विचारा: ‘दादा, जांभळ्या वायरवर किती व्होल्ट आले?’ ज्याने खरंच तपासलंय तो आकडा सांगेल. राजारामपुरीत, शाहूपुरीत, स्टेशन रोडला प्रामाणिक कारागीर भरपूर आहेत. ते समोर मीटर लावून दाखवतात, त्यांना या प्रश्नाचा राग येत नाही.

एसएमपीएस बदलताना वरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. स्टिकरवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. ‘४५० वॅट’ लिहिलेल्या डब्यावर १२ व्होल्टला १४ अँपिअर असतील तर प्रोसेसर-ग्राफिक्स कार्डाला प्रत्यक्षात १६८ वॅटच मिळणार. साध्या ऑफिसच्या मशीनला ते चालून जातं, ग्राफिक्स कार्ड असेल तर नाही. तुमचा चांगला, जड एसएमपीएस काढून असा हलका डबा बसवणं हीसुद्धा नेहमीची अदलाबदल आहे.

मशीन परत आलं की दुकानातच सुरू करा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. किती जीबी, किती स्लॉट वापरात, सगळं दिसतं. मग झाकण उघडून फोटोतल्या नंबरांशी ताळा करा. बिल घ्या, त्यावर नव्या भागाचा सीरियल नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या. जीएसटी लावला असेल तर १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक हवा, महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो. पैसे यूपीआयने द्या, तेवढीच एक नोंद राहते.

फसवणूक झालीच असेल तर गप्प बसू नका. बिल नाकारणं हे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापार प्रथेत मोडतं. आधी दुकानदाराला लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर कळवलं तरी तारखेची नोंद राहते. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथेही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची. सोबत जॉब शीट, आधीचे फोटो, पैसे दिल्याची नोंद आणि दुसऱ्या कारागिराने व्होल्टेजचे आकडे लिहून दिलेला सहीचा कागद जोडा. जुना एसएमपीएस परत मिळाला असेल तर तो भंगारात देऊ नका, निकाल लागेपर्यंत तसाच ठेवा.